स्वतः छापलेलं पुस्तक उघड्यावर विकायला बसताना

दुकानात वाचक पुस्तक शोधत येतो. रस्त्यावर, जत्रेत किंवा संमेलनाच्या मांडवाबाहेर तो दुसऱ्याच कामाला निघालेला असतो आणि पुस्तक त्याला वाटेत भेटतं. म्हणून मांडणी, किंमत, बोलणं या सगळ्याचा हेतू एकच ठेवावा: पुस्तक त्याच्या हातात गेलं पाहिजे. हातात घेऊन चाळलेलं पुस्तक विकलं जाण्याची शक्यता बरीच असते, लांबून पाहिलेल्याची फार थोडी.

तयारी छापखान्यातच सुरू होते. उघड्यावर विकायचं असेल तर मुखपृष्ठाला ग्लॉस लॅमिनेशन, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकचा पातळ थर, घ्या. बिनचकाकीचं मॅट दिसायला देखणं असतं, पण त्यावर बोटांचे तेलकट डाग आणि ओरखडे लगेच उठतात आणि धूळ पुसली तरी चिकटून राहते. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवायला छापखान्याला सांगा. ग्रेन आडवा असला की दमट हवेत पानं कण्यापाशी सुरकुततात. मुखपृष्ठ वाकण्याचं कारण वेगळं. लॅमिनेशन बाहेरच्या बाजूला असतं, आतला कागद ओल शोषून पसरतो, वरचा प्लॅस्टिकचा थर पसरत नाही, म्हणून मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला उघडं पडत जातं. असं वाकलेलं पुस्तक लोकांना जुनं वाटतं, मग ते कालच छापलेलं का असेना.

वजनाचा अंदाज आधी घ्या. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), 160 पानांचं पुस्तक 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावर साधारण 185 ते 190 ग्रॅम भरतं. म्हणजे 100 प्रती जवळपास 19 किलो. लोकलने किंवा एसटीने एकट्याने जायचं असेल तर 60 प्रती पुरेत, त्याही 30-30 च्या दोन पिशव्यांत. पिशवीच्या तळाशी जाड पुठ्ठा घाला आणि पुस्तकं आडवी ठेवा. उभी ठेवली की खालचे कोपरे दुमडतात. मे महिन्यात बंद गाडीत गठ्ठा ठेवू नका. बांधणीचा गोंद उष्णतेनं मऊ पडतो, पानं सरकतात, आणि ती प्रत परत नीट होत नाही.

मांडायला 4 फूट लांब, 2 फूट रुंद घडीचं टेबल बरं. जमिनीवर पथारी मांडली तर वाकल्याशिवाय पुस्तक उचलता येत नाही आणि वयस्कर वाचक तिथूनच पुढे जातात. टेबलावर गडद रंगाची सुती चादर टाका. प्लॅस्टिकवरून पुस्तकं घसरतात. चळत 8 ते 10 प्रतींची ठेवा, कणा एकाआड एक उलट दिशेला, म्हणजे ती सपाट राहते. पण चळत फार नीटनेटकी दिसली की हात लावायला लोक बिचकतात. म्हणून एक प्रत उघडी, आतल्या पानाशी खूण घालून, पुढच्या कडेला तिरकी ठेवा. ही नमुना प्रत. ती मळणार, कोपरे झिजणार, ते धरूनच चाला आणि तिच्यावर ‘नमुना’ लिहून टाका. खुणेचं पान काळजीपूर्वक निवडा: जिथं वर्णन थांबून काहीतरी घडतं, असं.

वाऱ्यासाठी प्रत्येक चळतीवर सपाट दगड ठेवा, खाली जाड कापड घालून. रबर बँड लावू नका. उन्हात तो मुखपृष्ठाला चिकटतो आणि काढताना रंग घेऊन येतो. थेट ऊन टाळाच. छपाईतला तांबूस आणि पिवळा रंग आधी उडतो आणि मुखपृष्ठ निळसर पडतं. दर तासाला सगळ्यात वरची प्रत खाली घाला. हिवाळ्यात मुक्काम असेल तर गठ्ठे जमिनीला टेकू देऊ नका. विटांवर फळी, फळीवर पुस्तकं, वर ताडपत्री, आणि दोन्हींमध्ये हवेला जागा. ताडपत्री पुस्तकांना चिकटली तर तिच्या आत जमलेलं पाणीच पानांत शिरतं.

किंमत सुट्या पैशांच्या हिशेबानं ठरवा. 180 ऐवजी 200 छापा, मांडणीवर 150 ला द्या. ‘छापील 200, आज 150’ अशी पाटी दोन हातांवरून वाचता यावी. तरीही घासाघीस होते. पहिली भवानी होईपर्यंत दहा रुपयांसाठी अडू नका, पण त्यानंतर दिवसभर एकच भाव ठेवा, कारण शेजारी उभा असलेला दुसरा माणूस ऐकत असतो. 50 च्या 20 नोटा सोबत हव्यातच. क्यूआर कोड लॅमिनेट करून सावलीत ठेवा. गर्दीत नेटवर्क बसतं, आणि 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरला तर हमखास. तिथं किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणार असाल तर तिथला वाचक ओळखून जा. लोक लांबून येतात, सामान अंगावर असतं, आणि वाचायची ओढ खरी असते. 32 ते 64 पानांची, पिन मारलेली, हलकी पुस्तिका तिथं जाड ग्रंथापेक्षा जास्त हातांत पोचते. विषयही त्या वाचकाचा हवा.

बोलायचं कमी. ‘बघा ताई, चाळून बघा’, एवढं पुरे. विचारलं तर पुस्तक कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगा, ते वाक्य घरी पाठ करून या. मग गप्प राहा आणि नजर दुसरीकडे वळवा. कोणी रोखून बघत असेल तर वाचता येत नाही. ‘मीच लिहिलंय’ हे पैसे दिल्यानंतर सांगितलेलं चांगलं. आधी सांगितलं की माणूस भिडेला पडतो, आणि भिडेपोटी घेतलेलं पुस्तक घरी कपाटात जातं. सही करण्यापूर्वी नाव कागदाच्या तुकड्यावर लिहून घ्या. दीर्घ-ऱ्हस्व चुकलेलं नाव पुसता येत नाही. जेल पेनची शाई वाळेपर्यंत मध्ये कोरा कागद ठेवा.

जागेचं आधीच विचारा. संमेलनात गाळा महाग पडतो, तो तिघा-चौघा लेखकांनी वाटून घ्यावा. जत्रेत पावती फाडून घ्या आणि खिशात ठेवा. शहरातल्या पदपथावर 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे पालिकेचं प्रमाणपत्र लागतं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो. रस्त्यावर तो कोणी विचारत नाही, पण ग्रंथालयाचा माणूस थांबला तर हटकून विचारतो.

संध्याकाळी आवरताना आधी प्रती मोजा, मग पैसे. वहीत चारच रकाने पुरतात: नेल्या, विकल्या, भेट दिल्या, खराब झाल्या. भेट दिलेल्या प्रती लिहिल्या नाहीत तर हिशेब कधीच जुळत नाही. खराब झालेल्या फेकू नका, पुढच्या वेळी नमुना प्रत त्यातूनच निघते. मग कोरड्या सुती फडक्यानं प्रत्येक प्रत पुसून, वाकलेल्या चळतीवर रात्रभर फळी आणि वीट ठेवून द्या.