खळ्यात तीन चेंडू, मग एक चाक

जत्रेत गोल जमवून चेंडू झेलणारे, एकचाकी सायकलवर फेऱ्या मारणारे खेळवाले सगळ्यांना आठवतात. पण ते नेमकं काय करायचे, असं विचारलं की लोक हवेत हात फिरवून दाखवतात. गणपतीत किंवा शिमग्यात मंडळाने त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला असेल, तर वाडीतल्या दोघा-तिघांनी खेळच शिकावा. भाषण कोणीही करतं.

चेंडू घरीच करा. टेनिसचा चेंडू नको. तो जेमतेम ५८ ग्रॅमचा असतो आणि निसटला की थेट माडाच्या आळ्यात जातो. ११५ ग्रॅम तांदूळ पातळ पिशवीत घट्ट बांधा, साधारण साडेसहा सेंटिमीटरचा गोळा होईल. तीन फुग्यांच्या माना कापा आणि एकावर एक चढवा. प्रत्येक फुग्याने आधीच्याचं तोंड झाकलं पाहिजे. तांदूळ आधी तव्यावर कोरडा परतून गार करा, नाहीतर आपल्या दमट हवेत पोरकिडे होतात. पुळणीवरची वाळू फुकट मिळते खरी, पण त्याच आकारात वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि मनगट भरून येतं.

खळ्यात, पडवीच्या कठड्यासमोर हातभर अंतरावर उभे राहा. कठड्यावर गोधडी पसरा, म्हणजे पडलेला चेंडू उचलायला दरवेळी वाकावं लागत नाही. कोपर अंगालगत, तळवे वर. एकच चेंडू या हातातून त्या हातात टाका; त्याच्या फेकीचं टोक डोळ्यांच्या उंचीला यावं. मग दोन्ही हातांत एकेक घ्या. उजवा फेका, तो टोकाला पोचला की त्याच्या खालून डावा फेका. तोंडाने मोठ्याने म्हणा: फेक, फेक, झेल, झेल. इथेच सगळे अडकतात, कारण दुसरा चेंडू फेकला जातच नाही, आडवा सरकवून दिला जातो. ही खोड मोडल्याशिवाय तिसरा चेंडू हातात घेऊ नका.

तीन घेतल्यावर सुरुवात दोन चेंडू असलेल्या हाताने. तीन फेका, तिन्ही झेला, थांबा. मग चार, मग सहा. चेंडू पुढे पुढे जाऊ लागले तर ती घाई आहे. कठडा तुम्हाला आवरतो. घाई झाली की उंच फेकावंसं वाटतं. पण ६० सेंटिमीटर उंच गेलेला चेंडू साधारण ०.७ सेकंद हवेत असतो, आणि वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. तिथे नेम कुठला राहायला!

एकचाकी २० इंचांची घ्या. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट उंच ठेवा. पेडलवरचं एल-आर तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चाक उलटं बसवलं तर पेडलं चालवता चालवता सुटतात आणि क्रँकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे, आटे खातात. चढताना एक पेडल तुमच्या बाजूला, थोडं खाली. त्यावर जोर दिला की चाक मागे पळतं, म्हणून वजन सीटवर टाका आणि नजर लांब ठेवा. तोल गेला तर सीट सोडून पुढे उतरा. शाळेच्या भिंतीला धरून शिका. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर मुळीच नको. ओल्या पुळणीवर चाक छान चालतं, पण नंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून बेअरिंगजवळ आणि स्पोकवर तेल लावलं नाही तर खारं पाणी ते खाऊन टाकतं.

हात न हलवता ५० मीटर जाता आलं की मगच चेंडू घ्या. चालत्या चाकावरून चेंडू पुढे फेकायचा नाही. तुमचा वेग त्यालाही असतो, त्यामुळे उभ्याने फेकता तसाच सरळ वर टाका. मध्येच वेग बदलला तरच तो चुकतो. वारा मात्र कोणाचं ऐकत नाही; दुपारी समुद्रावरून सुटतो, म्हणून सराव सकाळी. गणिती क्लॉड शॅनन बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या इमारतीतल्या कॉरिडॉरमध्ये एकचाकीवरून चेंडू झेलत फिरायचे. तिथे वाऱ्याचा प्रश्नच नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी चौथा चेंडू खिशात असू द्या. एक पडला की खिशातला काढून खेळ चालू ठेवा आणि पडलेला एखाद्या पोराला आणायला सांगा. तो उचलायला चाकावरून उतरलात तर तेवढ्यात लोक भज्यांच्या गाडीकडे वळतात.