पावसाळाभर अंगणात राहणारी गाडी

गोव्याबाहेर नोकरीला असलेल्यांची गाडी मिरगापासून चवथीपर्यंत अंगणात उघड्यावरच असते. मग परत यावे तर बॅटरी उतरलेली, सीटवर बुरशी, ब्रेक चिकटलेले. जाण्याआधीची एक सकाळ दिली तर हे टळते.

१. गाडी माडाखाली लावू नका. नारळ राहू द्या, नुसती झावळीही काच फोडते.

२. धुऊन पूर्ण वाळवा. किनाऱ्याजवळ घर असेल तर खालूनही गोड्या पाण्याने धुवा, खारट थर तिथेच बसतो. पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरजवळ साचलेला पाला हाताने काढा. तिथली पाणी जायची भोके तुंबली की पाणी आत शिरून पायांखालच्या मॅटपर्यंत येते. सगळ्यात महत्त्वाचे काम हेच, आणि नेमके हेच राहून जाते.

३. हँडब्रेक सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून चिरे लावा.

४. टायरमध्ये हवा ३-४ पीएसआय जास्त भरा. टाकीही भरून ठेवा.

५. मॅट काढून घरात न्या. खाण्याचा एक कणही आत नको, उंदीर येतात.

६. ताडपत्री गाडीला गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. चार खांबांवर वर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा.

७. अगदी शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही. म्हणून बॉनेट बंद करण्याआधी दार साध्या किल्लीने उघडते ना, हे तपासा.