कसाऱ्यात भारी, द्वारकेला बेजार : परफॉर्मन्स कारचा गिअरबॉक्स निवडताना या चुका टाळा

टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास निघते. नाशिकच्या गंगापूर रोडवर ऑफिसची गर्दी ओसरलेली असते, सेल्समन शेजारी बसून फीचर सांगत असतो. आपण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पाच हजार आरपीएमपर्यंत ओढतो, पाठ सीटला चिकटते आणि निर्णय तिथेच होऊन जातो : मॅन्युअलच घ्यायची!

मी नेमकं हेच केलं होतं. सेकंडहँड टर्बो पेट्रोल, सहा गिअर. पुढची दोन वर्षं ती बिचारी रोज नाशिकरोडहून सातपूरला जात राहिली. द्वारका चौक, सारडा सर्कल, त्र्यंबक नाका हे गर्दीचे चौक आणि संध्याकाळी उलट क्रमाने तेच. घाट महिन्यातून दोन रविवारी. क्लच गेला तेव्हा मॅकॅनिकने प्लेट हातात दिली, तर ती जळून काळीनिळी झालेली. सोबत ड्युअल मास फ्लायव्हीलही (क्लचमागचं, इंजिनाचे हादरे शोषणारं जड चाक) बदलावं लागलं, आणि त्याचं बिल क्लचपेक्षा मोठं निघालं. चूक गाडीची नव्हतीच. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून सरकण्याची सवय माझी, आणि रस्ता न बघता गाडी घेण्याची घाईही माझीच.

म्हणून आधी एक आठवडा कागदावर लिहून काढा : गर्दीत किती तास गेले, मोकळ्या रस्त्यावर किती, घाटात किती. माझा हिशोब गर्दीत नऊ तास आणि घाटात जेमतेम एक असा निघाला. मुंबईला वारंवार जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून कसारा घाट टाळता येतो. तिथे टॉप गिअरमध्ये वेगमर्यादेत जाताना मॅन्युअल काय आणि ऑटोमॅटिक काय, फरक कळतही नाही.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे एकच प्रकार समजणे

सर्वाधिक पैसे याच चुकीत बुडतात. मित्राची एएमटी हॅचबॅक चालवून बघायची, प्रत्येक गिअरला मान पुढे जायची, आणि ‘ऑटोमॅटिक आपल्याला जमत नाही बुवा’ असं जाहीर करायचं. अरे, एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त त्याचा क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी यंत्र हलवतं. तिच्यावरून बाकीच्यांना नापास करण्यात काय अर्थ?

दुसरा प्रकार सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअर नसतात. पट्टा दोन पुलींवर सरकत राहतो, त्यामुळे जोरात पाय दाबला की आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. गर्दीत गुळगुळीत, पण परफॉर्मन्स म्हणून घ्यायची असेल तर मन रमत नाही.

तिसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. मुंगीच्या वेगाने सरकताना घर्षण कोरड्या प्लेटवर न येता तेलावर जातं, म्हणून द्वारकेच्या रांगेत याच्याइतका सोशिक प्रकार दुसरा नाही. जुने टॉर्क कन्व्हर्टर सुस्त असत हे खरं. पण बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरच आहे, आणि तिला सुस्त म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

राहिला ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. तिसऱ्यात असतानाच चौथा तयार ठेवलेला, म्हणून गिअर क्षणात बदलतो. मात्र इथे सेल्समनला एक प्रश्न विचारायलाच हवा : क्लच कोरडा की तेलातला? फोक्सवॅगन व्हर्टुस जीटी आणि स्कोडा स्लाव्हियाच्या १.५ टीएसआय इंजिनाला मिळणारा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. त्याची सोसण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोरही २५० न्यूटन मीटर. म्हणजे शिल्लक काहीच नाही. अशा गाडीवर रीमॅप टाकून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेणारे महाभाग आपल्याकडे आहेत. नंतर खर्चाच्या नावाने बोटं मोडतात. २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये सात गिअरचा, पण तेलातला क्लच आहे. तो उष्णता जास्त सोसतो. बदल्यात त्याचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावं लागतं. आधीच्या सहा गिअरच्या डीएसजीला तर दर ६०,००० किलोमीटरला.

कोरड्या क्लचची गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. ती चालवायची कशी, तेवढं कळून घ्या. ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी आपोआप सरकते ना, तेव्हा आतला संगणक तुमच्या वतीने हाफ क्लच करत असतो. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच हातभर सरकू नका. चांगली मोकळी जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. चढावर थांबताना अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं ही तर सर्वात महागडी सवय. तिथे ब्रेक किंवा ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरा.

मॅन्युअलच वेगवान, हा समज

हा समज जुना झाला. २०२३ मध्ये भारतात आलेली बीएमडब्ल्यू एम२ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळत होती. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर मॅन्युअलला ४.३ सेकंद, ऑटोमॅटिकला ४.१. पोर्शने २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली होती. २०१७ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला, कारण गिऱ्हाइकांना तो हवा होता. घड्याळ ड्युअल क्लचच्याच बाजूने होतं, तरी. मलाही वणीहून सापुताऱ्याकडे जाताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला जी मजा येते, ती स्टिअरिंगमागच्या पॅडलवर बोट दाबून येत नाही. त्या मजेसाठी मॅन्युअल जरूर घ्या, सेकंदांसाठी नको.

जाता जाता : सेकंडहँड ह्युंदाई आय२० एन लाइन बघताना ‘क्लच नाही’ एवढं वाचून तिला ऑटोमॅटिक समजू नका. आधीच्या काही गाड्यांत आयएमटी होता. त्यात क्लचचं पेडल नसतं, पण गिअर आपल्यालाच टाकावा लागतो. २०२३ पासून त्याच्या जागी नेहमीचा सहा गिअरचा मॅन्युअल आला.

कसारा उतरताना ‘डी’मध्ये राहणे

डीमध्ये गाडी पेट्रोल वाचवायला वरच्या गिअरकडे धावते. उतारावर त्याचा अर्थ असा की इंजिन गाडीला अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अर्ध्या घाटात जळका वास येतो, पेडल मऊ लागतं. मॅन्युअल मोडवर घ्या आणि तिसरा, तीव्र वळणांना दुसरा गिअर धरून उतरा. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा नियम टर्बो गाडीलाही चालतो. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे काका अजून दिसतात. प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं.

मॅन्युअलवाल्यांचा घाटातला धोका वेगळा. घाईत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर इंजिन चाकांच्या जोरावर लाल रेषेच्या पार जातं. तिथे आरपीएम आवरणारा रेव्ह लिमिटरही काही करू शकत नाही, कारण त्याच्या हातात फक्त पेट्रोल थांबवणं असतं. ऑटोमॅटिक असा हुकूम सरळ नाकारते.

जुनी गाडी बघताना थंड इंजिनावर सौदा करणे

मॅन्युअलची परीक्षा सोपी : ताशी पन्नासला टॉप गिअर टाकून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच संपलाय. ड्युअल क्लचला मात्र अर्धा तास गर्दीत फिरवल्याशिवाय हो म्हणू नका. दोष असेल तर गरम झाल्यावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना थरथर जाणवते. जमलं तर चढावर रिव्हर्सही घेऊन बघा. आणि ‘गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं’ हे विकणाऱ्याचं वाक्य कानाआड करा. झेडएफ स्वतः आठ गिअरच्या बॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते.

नवी असो की जुनी, चक्कर संध्याकाळी साडेसहाला मारा, द्वारकेवरून. सेल्समन तोंड वाकडं करेल. करू द्या.

माझ्याकडे आता टॉर्क कन्व्हर्टर आहे. जुनी मॅन्युअल मेहुण्याने घेतली. तो दिंडोरीला राहतो, कामाला वणीला जातो, शहरात महिन्यातून एकदा येतो. तिला चार वर्षं झाली, क्लच अजून तोच आहे. दिवाळीला गेलो की मी किल्ली मागतो, आणि तो दर वेळी आधी विचारतो, “दाजी, हाफ क्लच करणार नाही ना?”