दसऱ्याला नर वेगळे करा, पाडव्याआधी अंडी उबवायला ठेवू नका

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. दुपारी कडक ऊन, चारच्या पुढे मुळशी-मावळाकडून ढग आणि अंधार पडायच्या आत धो-धो. दरवर्षी याच पावसात परसातल्या बदकांच्या जाती मोडतात. म्हणून बाकीची कामं शेवटी देतो, आधी हे एक ऐका.

खुराड्यात पाणी शिरतं. वेगळा ठेवलेला परक्या जातीचा नर भिजतोय म्हणून आपण त्याला ‘आजची रात्र’ सगळ्यांत सोडतो, सकाळी परत कोंडतो आणि विसरून जातो. घात इथेच होतो. मादीच्या अंगात नराचं बीज आठवडाभर सहज टिकतं, कधी दोन आठवडेही. म्हणून परका नर दूर केल्यापासून पूर्ण 21 दिवस जाऊ द्यायचे. त्या दिवसांतली अंडी खा, विका. खुडूक कोंबडीखाली एकही ठेवू नका. मध्ये एक रात्र जरी नर मिसळला, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

दसरा ते दिवाळी पाडवा हे अंतर तिथीने 21 चं आहे, लक्षात ठेवायला सोपं. दसऱ्याला परके नर बाहेर काढा आणि माद्यांत त्यांच्याच जातीचा नर ठेवा. खाकी कॅम्पबेल या अंड्यांच्या जातीला 6 माद्यांमागे 1 नर, पेकिन या मांसाच्या जातीला 4-5 माद्यांमागे 1. पाडव्यानंतरची अंडी उबवायला घ्या.

गेल्या हिवाळ्यात भोरकडच्या एका ताईंच्या परसात गेलो होतो. आठ खाकी माद्या, एक खाकी नर आणि सणाला कापायला ठेवलेले दोन पांढरे पेकिन नर, सगळे एकाच जाळीत. ताई म्हणाल्या, “पिल्लं तर सगळी काळपटच निघाली, मग भेसळ कुठली?” एक पिल्लू उचलून उलटं केलं. गळ्याखाली रुपयाएवढा पांढरा ठिपका होता आणि सहा आठवड्यांतच ते खाकीच्या मानाने बोजड झालं होतं. पेकिनचा पांढरा रंग पहिल्या पिढीत दडून बसतो आणि अशी पिल्लं आपसात लागली की पुढच्या पिढीत अचानक पांढरं पिल्लू निघतं. त्यामुळे पिल्लाच्या रंगावर विसंबू नका. ताईंनी तोवर त्यातली चार ‘खाकी’ म्हणून दिलीही होती. घेणाऱ्याने वर्षाला 300 अंड्यांचा हिशेब धरला असणार, आणि पेकिन तर मांसाची जात.

“मिसळली तर बिघडलं काय, खाकी कॅम्पबेल तरी मिश्रच ना?” असं पुष्कळ जण विचारतात. खरं आहे. इंग्लंडमध्ये अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी 1898 च्या सुमारास रनर, रूआँ या बदकांच्या जाती आणि मॅलार्ड हे रानबदक यांच्या संकरातून ती जात तयार केली. पण कोणता नर कोणत्या मादीला लावायचा हे त्या ठरवत होत्या. आपल्याकडे ते पाऊस ठरवतो.

मस्कोव्ही या बदकाचं वेगळं. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असणारं हे बदक मुळात दक्षिण अमेरिकेतलं, निराळ्या कुळीचं. त्याची अंडी 35 दिवसांनी फुटतात, बाकी बदकांची 28 दिवसांनी. त्याचा साध्या बदकाशी संकर झाला तर पिल्लं वाढतात जोमाने, पण खेचरासारखी वांझ राहतात. वाण तिथेच संपतो. मस्कोव्ही उडतं, झाडावर बसतं. त्याच्या जाळीला वरूनही जाळी हवी.

आता नर ओळखायचा कसा? शेपटीवरच्या वळलेल्या पिसावरून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पिसं झडायच्या दिवसांत ते पीसही गळतं आणि खाकी नर मादीसारखाच दिसायला लागतो. मस्कोव्ही नराला तर ते पीस नसतंच. लपून राहिलेला असा एक नर सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. म्हणून प्रत्येक बदक हातात धरा. साध्या बदकांत मादी मोठ्याने ‘क्वॅक-क्वॅक’ करते, नराचा आवाज घसा बसल्यासारखा येतो. नराच्या पायात रंगीत कडी घाला, वाढत्या पिल्लाला मात्र घट्ट नको, पाय कापतो.

दुकानदार ‘बीजशक्ती’ची पावडर आणि टॉनिक गळ्यात मारतील. दोन वर्षांपूर्वी मीही एका दुकानातून असली बाटली घेतली होती. पिल्लांत काडीचा फरक पडला नाही. बाटलीने अंड्यातला बाप बदलत नाही. तेच पैसे जाळीला आणि दोन डाल्यांना घाला. माझा एक अंदाज: दोन जाळ्यांच्या मध्ये गोणपाट बांधलं की नर एकमेकांना पाहून येरझाऱ्या घालायचे थांबतात आणि अंडी जास्त फळतात. पुस्तकात हे कुठे वाचलेलं नाही, पण तीन परसांत पाहिलं आहे.

बाकीची कामं:

- अंडी सकाळी 9 च्या आत गोळा करा. अंड्यावर पेन्सिलने जात आणि तारीख लिहा.
- उबवायची अंडी थंड जागी ठेवा, 7 दिवसांपेक्षा जुनी नको. चिखलाने माखलेली बाजूला काढा.
- एका गावरान कोंबडीखाली 8 ते 10 अंडी. शेवटच्या आठवड्यात रोज कोमट पाण्याचा शिंतोडा.
- उबवणीच्या मशिनला 37.5 अंश सेल्सिअस.
- सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडं धरून आत जीव धरला का ते तपासा.
- पिल्लांना पहिल्या आठवड्यात 30 ते 32 अंश ऊब. मार्गशीर्षात मावळात थंडी फार, बल्ब आणि भुसा आधीच आणून ठेवा.
- बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड अजिबात नको. बुरशीच्या विषाला बदक कोंबडीपेक्षा लवकर बळी पडतं.
- डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस 8 ते 12 आठवड्यांच्या वयात, मात्रा पशुवैद्यकाला विचारून.
- हिवाळ्यात रानबदकं उतरतात त्या तळ्यावर आपली बदकं सोडू नका. एकदम मरतूक झाली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आज संध्याकाळीही ढग आहेत. खुराड्यात पाणी शिरलंच, तर परका नर पडवीत डाल्याखाली झाका, वर दगड ठेवा आणि रात्रभर तिथेच राहू द्या.