एपी आणि ऑडिट

तलवारबाजीच्या वर्गाला मुलांना घेऊन येणारे पालक मला हमखास विचारतात, "यावर पोट भरतं का हो?" नाही भरत. मी दिवसा कर सल्लागाराच्या ऑफिसात बसते आणि संध्याकाळी एपी खेळते; फॉइल, एपी आणि सेबर या तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक. व्हेनेझुएलाच्या रुबेन लिमार्दोनं २०१२ला लंडनमध्ये एपीचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. करोनात तोच पोलंडमध्ये सायकलवरून घरोघरी जेवण पोचवत होता. अमेरिकेची ली कीफर डॉक्टरकी शिकता शिकता टोकियोत आणि पुन्हा पॅरिसमध्ये फॉइलचं सुवर्ण घेऊन गेली. तिथं आपण कोण टिकोजीराव!

नोकरी धरताना पगाराच्या आधी तिचा हंगाम बघा. मी इथंच फसले. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, आणि एका वर्षी निवड चाचणी नेमकी त्याच आठवड्यात आली. रात्री दोनपर्यंत फायली, सकाळी हॉलवर. पूलमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या गटातल्या, पहिल्या लढतीआधी पंचांनी माझ्या एपीच्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवलं. टोकातल्या स्प्रिंगनं ते उचलायला हवं. नाही उचललं. दुसरी तलवार काढली, तर टोकाचा स्पर्श गुण मोजणाऱ्या यंत्राला कळवणारी तिची वायर तुटलेली. पिवळं कार्ड! मैत्रिणीची तलवार घेतली, तिची मूठ सरळ, मला सवय पिस्तूल मुठीची, म्हणजे बोटांत बसणाऱ्या वळणदार मुठीची. ५-१ हरले.

तेव्हापासून टोक मीच उघडते. दोन स्क्रू असतात, बाजरीच्या दाण्याहून बारीक. फरशीवर पडला की गेलाच, म्हणून खाली पांढरा रुमाल अंथरायचा. स्प्रिंग नखानं किंचित ताणायची, गंज पुसायचा, मग वजन लावून बघायचं. हे काम ऑफिस सुटल्यावर घाईत होत नाही, आदल्या रविवारीच उरकायचं.

नोकरी सांभाळून खेळायचं तर माझं मत एपीला. अंगावर कुठंही टोक लागलं तरी गुण मिळतो, लामे जाकीट (धातूच्या धाग्यांचं, वीज वाहणारं) लागत नाही, तेवढाच खर्च वाचतो. शिवाय पायांच्या वेगाची कमी अंतराच्या अंदाजानं बरीच भरून निघते. सेबरवाले चिडतील, चिडू देत.

आणि हो, प्रमाणपत्रं किट बॅगेत कोंबू नका. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची पडताळणी होते. माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ओल्या हातमोज्याचा डाग आहे, नेमका माझ्या आडनावावर.