ऑनलाइन टेस्टच्या आदल्या दिवशी ब्राउझरमध्ये काय काय बघायचं

हे सगळं आदल्या दिवशी करायचंय, टेस्टच्या अर्धा तास आधी नाही. आणि ज्या लॅपटॉपवर टेस्ट देणार त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच नेटवर. दुसऱ्याच्या मशीनवर डेमो चालला म्हणून आपल्यावर चालेलच असं काही नसतं. डेमो टेस्ट किंवा सिस्टिम चेकची लिंक बहुतेक वेळा दिलेली असते आणि बहुतेक लोक ती उघडत नाहीत, मीही एकदा नव्हती उघडली, आणि मग 'स्टार्ट' दाबतोय, दाबतोय, काहीच होत नाहीये, वरचा टायमर मात्र मजेत पळतोय असं झालं. कारण निघालं पॉप-अप ब्लॉकर, म्हणजे साइटने उघडलेली वेगळी विंडो अडवणारी ब्राउझरची सोय. एवढंसं.

तेव्हापासून माझा एकच नियम. जुन्या ब्राउझरमध्ये काय बिघडलंय ते शोधत बसायचंच नाही, टेस्टसाठी नवीन प्रोफाइल काढायचं. क्रोम किंवा एजमध्ये कोपऱ्यातल्या आपल्या गोल फोटोवर क्लिक केलं की नवीन प्रोफाइल जोडायचा पर्याय मिळतो, दोन मिनिटांचं काम. त्यात जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी अ‍ॅप्स) नसतात, जुन्या कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी, तुम्ही कोण ते ओळखायला) नसतात, तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी साइटला रागाने 'ब्लॉक' दाबलेलं नसतं, सगळ्या सेटिंग्ज कंपनीने दिल्या तशा कोऱ्या. फक्त एक गोम आहे, नवीन प्रोफाइलमध्ये जुन्याच अकाउंटने साइन इन करून सिंक (अकाउंटमधलं सगळं इथे आपोआप आणणं) चालू केलंत तर ती सगळी एक्स्टेन्शन्स मागच्या दाराने परत येतात आणि मग म्हणाल नवीन प्रोफाइल करूनही काही फरक नाही. त्यामुळे अकाउंट न जोडता पुढे जायचं. टेस्टच्या साइटवर लॉगिन करणं ही वेगळी गोष्ट, ते अर्थातच करा.

लोक यासाठी इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर काही मागे न ठेवणारी खाजगी विंडो, वापरतात. कारण शोधायला ते चांगलं आहे, म्हणजे नेहमीच्या विंडोत टेस्ट उघडत नाही आणि इन्कॉग्निटोत उघडते, तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या कुकीजचा, हे जवळजवळ पक्कं. पण खरी टेस्ट तिथे देऊ नका. इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज मुळातच बंद असतात, आणि चुकून विंडो बंद झाली की लॉगिनसकट सगळं पुसलं जातं.

आता या थर्ड पार्टी कुकीजवर थोडं जास्त बोलतो, कारण 'मी लॉगिन केलंय तरी परत परत लॉगिनच मागतंय' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. होतं काय की तुम्ही लॉगिन करता एका साइटवर, पण टेस्ट प्रत्यक्षात चालवणारी कंपनी दुसरी असते आणि तिचं पान पहिल्या साइटच्या आत एका चौकटीत उघडतं, तुम्हाला वरून पत्ता एकच दिसतो. ब्राउझरला मात्र ती आतली साइट परकी वाटते, तो तिच्या कुकीज ठेवू देत नाही, मग तिला तुम्ही कोण ते कळतच नाही आणि ती परत लॉगिनच्या पानावर ढकलते, असं गोल गोल फिरत राहतं. सफारीने तर २०२० पासून या कुकीज सरसकट बंद केल्यात. तिथे सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' आहे, टेस्टपुरती त्याची टिक काढायची आणि नंतर आठवणीने परत लावायची. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूला ढालीचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. ब्रेव्हमध्ये सिंहाचं चिन्ह, काम तेच. क्रोममध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये थर्ड पार्टी कुकीजचं पान आहे, त्यात टेस्टच्या साइटचा पत्ता अपवाद म्हणून टाकता येतो. सगळ्या जगाला दार उघडायची गरज नाही.

पॉप-अपचंही तेच, सगळ्यांना परवानगी देऊ नका, त्या एका साइटला द्या. डेमोत 'स्टार्ट' दाबून काही झालं नाही तर आधी पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बघा, तिथे एक बारीकसं चिन्ह आलेलं असतं जे कुणाच्याही लक्षात येत नाही, त्यावर क्लिक करून 'नेहमी परवानगी द्या' निवडा आणि मग पान रीफ्रेश करून परत स्टार्ट दाबा. आणि हो, कधी कधी पॉप-अप उघडलेलाही असतो पण मोठ्या विंडोच्या मागे जाऊन बसतो, ऑल्ट-टॅब मारून बघायचं. 'उघडलं नाही' म्हणून चार वेळा स्टार्ट दाबणाऱ्यांच्या मागे चार विंडो तयार असतात, आणि एकच टेस्ट दोन ठिकाणी उघडली की काही सिस्टिम थेट बाहेर काढतात.

एक्स्टेन्शन्स. नवीन प्रोफाइल केलं असेल तर हा परिच्छेद सोडा. नसेल केलं तर अ‍ॅड ब्लॉकर बंद, ग्रामर सुधारणारं बंद, डार्क मोडवालं बंद, कॉपी-पेस्टवालं बंद, कूपन शोधणारं तर मुळात ठेवलंयच कशाला. ग्रामरवालं विशेष त्रासाचं, कारण उत्तर लिहायच्या चौकटीत ते स्वतःचं काहीतरी घुसवतं, आणि काही ठिकाणी ते कॉपी करण्याचं साधन म्हणून धरलं जातं. ब्राउझरचं आपोआप भाषांतर पण बंद करा. त्याने पानावरचा मजकूर आतून बदलतो, मग पर्याय निवडला तरी नोंद होत नाही, किंवा प्रश्नातला नेमका तो शब्दच बदलून जातो ज्यावर प्रश्न होता.

कॅमेरा-माइकची टेस्ट असेल तर लक्षात ठेवा, परवानगी दोन ठिकाणी लागते. एक ब्राउझरमध्ये त्या साइटला, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ब्राउझरला. लोक पहिली देतात आणि दुसरी विसरतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग कॅमेरा, तिथे खाली डेस्कटॉप अ‍ॅप्सना कॅमेरा वापरू देण्याचं बटण आहे ते चालू हवं. मॅकवर तशाच पानावर कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्क्रीन रेकॉर्डिंग अशा तीन वेगळ्या जागा, आणि स्क्रीनची परवानगी दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडावा लागतो, ऐन टेस्टमध्ये हे करायची वेळ आली तर घाम फुटतो. हे सगळं ठीक असूनही काळी चौकट दिसत असेल तर मीटिंगचं एखादं अ‍ॅप मागे कॅमेरा धरून बसलंय का बघा, आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी, कॅमेऱ्यावरची सरकती झाकणी. हसू नका. होतं असं.

घड्याळ तपासा. सेटिंग वाटत नाही पण आहे. तारीख चुकीची असली की ब्राउझरला साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट मुदतीतलं वाटत नाही आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून पानच उघडत नाही. जुन्या लॅपटॉपचा आतला छोटा सेल संपला की चार्जिंग पूर्ण उतरल्यावर तारीख मागे जाते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी ब्राउझर दोनदा काढून परत टाकला होता, नंतर कळलं की मशीन कित्येक वर्षं मागे जगतंय. तारीख-वेळ आपोआप सेट होऊ द्या आणि टाइम झोनही बघा, नाहीतर टेस्ट चारला आहे आणि तुम्ही भलत्याच चारला तयार.

ब्राउझर अपडेट आहे का हे बघताना आधी मशीन त्या लायकीचं आहे का बघा. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीपासून पुढचं काहीच येत नाही, 'अपडेट' किती दाबलं तरी. उलटही असतं, टेस्ट म्हातारी आणि ब्राउझर नवा. फ्लॅशचा (पानात व्हिडिओ-अ‍ॅनिमेशन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालतच नाही, त्यामुळे एखादी जुनी सराव टेस्ट 'फ्लॅश प्लेअर टाका' म्हणाली तर टाकू नका, जे मिळेल ते बहुतेक व्हायरसच असेल. इंटरनेट एक्सप्लोररही १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण तोच लागणारी टेस्ट असेल तर एजमध्ये आयई मोड आहे, सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' खाली चालू करता येतो. तिथे आपण स्वतः टाकलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो, म्हणून मागच्या महिन्यात चाललेली टेस्ट या महिन्यात रुसते.

पानाचं झूम, म्हणजे लहान-मोठं दिसणं, किरकोळ वाटतं पण 'नेक्स्टचं बटणच नाहीये' याचं उत्तर तिथेच असतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की १०० टक्क्यांवर येतं. त्यावरही बटण खाली कापलं जात असेल तर छोट्या स्क्रीनवर विंडोजने सगळं १२५ किंवा १५० टक्के मोठं केलेलं असतं, मग कंट्रोल आणि वजा दाबत ८० पर्यंत खाली या.

व्हीपीएन (आपलं नेट दुसरीकडून वळवून नेणारं अ‍ॅप) बंद. मध्येच आयपी, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, बदलला तर सिस्टिमला वाटतं दुसराच कुणी आला. वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडी मारली तरी तेच होतं, म्हणून हॉटस्पॉट तयार ठेवा पण नेट नुसतं हळू झालंय म्हणून उड्या मारू नका.

मोबाइलवर द्यायचीच असेल तर मेसेजमधल्या लिंकवर थेट बोट ठेवू नका. ती त्या अ‍ॅपच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे तुमचं लॉगिन नसतं, पॉप-अप आणि कॅमेरा नीट चालतीलच असं नाही. लिंक कॉपी करून खऱ्या ब्राउझरमध्ये टाका. आयफोनवर सफारीत चालत नाही म्हणून क्रोम टाकण्यातही फारसा अर्थ नसतो, बहुतेक ठिकाणी आतलं इंजिन सफारीचंच असतं, वरचं कातडं फक्त वेगळं.

वेगळा सुरक्षित ब्राउझर डाउनलोड करायला सांगितलं असेल, सेफ एक्झाम ब्राउझरसारखा, तर वरचं बरंचसं लागू नाही, पण तो दिलेल्या लिंकवरूनच घ्या, सांगितलेली आवृत्तीच घ्या, आणि आदल्या दिवशी एकदा उघडून बंद करून बघा. तो बाकीची स्क्रीन ताब्यात घेतो, बाहेर कसं पडायचं ते आधीच माहिती असलेलं बरं.

आदल्या दिवशी काही चाललं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर डेमो परत उघडा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही आणि कशाने नवीन बिघडलं तेही. पान जुनंच दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर. कुकीज पुसायच्या तर फक्त त्या साइटच्या, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून. एकदा डेमो शेवटपर्यंत सबमिट झाला की हात वर, त्यानंतर काहीही अपडेट नाही, काहीही नवीन टाकायचं नाही, आणि विंडोजचे अपडेट दोन दिवसांसाठी थांबवून ठेवा.

आणि एवढं करूनही मध्येच अडकलं तर कुकीज किंवा कॅशला (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती) हात लावू नका. सर्व्हरवर न पोचलेली उत्तरं काही टेस्ट ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात, 'सगळं साफ केलं की चालतं' म्हणून कंट्रोल-शिफ्ट-डिलीट मारलं की ती गेली. बॅकचं बटणही नाही. आधी स्क्रीनवर आलेला एरर शब्दशः आणि वेळ मिनिटासकट कागदावर लिहून घ्या, कॅमेरा चालू असेल तर फोन उचलून फोटो काढायला जाऊ नका, त्याचीच वेगळी नोंद होईल, तिथल्या तिथे मदतीच्या चॅटमध्ये टाइप करा. चॅटच नसेल तर एकदा, फक्त एकदा, पान रीफ्रेश करा, बऱ्याच टेस्ट सोडल्या त्या प्रश्नावर परत आणून सोडतात. आणि तुमची तशी आणते की नाही हे आदल्या दिवशीच्या डेमोत मुद्दाम रीफ्रेश मारून बघता येतं.