कडाक्याच्या थंडीआधी: घोडा, गाय, मेंढी आणि कोंबड्यांची तयारी

पारा शून्याच्या बराच खाली जाणार असा अंदाज आला की बहुतेकांची पहिली धावपळ ठरलेली असते. गोठ्याची दारं-खिडक्या लावायच्या, फटींत पोती कोंबायची, घोड्यावर झूल टाकायची. यातलं निम्मं काम अनाठायी आहे आणि फटी बुजवणं तर चक्क नुकसानीचं. अंग कोरडं, वाऱ्याला आड, पोटभर वैरण आणि न गोठलेलं पाणी एवढं मिळालं, तर हिवाळी केस चढलेलं धडधाकट जनावर आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ जास्त थंडी काढतं. यातलं एक जरी हुकलं, तरी तेच जनावर शून्याच्या वरच कुडकुडायला लागतं.

याला आकड्यांचा आधार आहे. प्रत्येक जनावराची एक खालची मर्यादा असते. हवा त्याहून गार झाली की अंगाची ऊब टिकवायला शरीर जादा इंधन जाळू लागतं. पूर्ण हिवाळी केस असलेल्या कोरड्या घोड्याची ही मर्यादा उणे ८ ते उणे १० अंश सेल्सियसच्या आसपास असते. दाट केसांच्या कोरड्या गाईचीही जवळपास तेवढीच. तीच गाय भिजली की मर्यादा थेट १५ अंशांवर चढते. म्हणजे बर्फात निवांत रवंथ करणारी गाय १० अंशांच्या पावसात थंडीने त्रासलेली असू शकते. नुकतीच लोकर कातरलेली मेंढी १० अंशांपर्यंतच तग धरते आणि नवजात वासराला १५ अंशही कमीच पडतात. मर्यादेखाली तापमान दर अंशाने घसरलं की ऊर्जेची गरज साधारण २ टक्क्यांनी वाढते, असा हिशेब धरून चालावं. वारा असेल तर त्याहून जास्त.

थंडी यायच्या आधी

घोड्याला हिवाळी केस येतात ते गारव्यापेक्षा जास्त दिवस लहान होण्याने. उन्हाळा सरता सरताच ही प्रक्रिया सुरू झालेली असते. तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत राहिले की शरीराची फसगत होते आणि केस विरळ राहतात. ज्यांचा घोडा हिवाळ्यात बाहेर राहणार आहे, त्यांनी दिवे वेळेवर मालवावेत आणि झूल घालण्याची घाई करू नये. केसांत चिखल वाळून बसला असेल तर खरारा करून काढा. केस फुलून उभे राहतात तेव्हा त्यांच्यात हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. चिकटलेल्या केसांत हवा राहत नाही.

दात आणि जंत हे दोन विषय थंडीआधीच मिटवावेत. घोड्याच्या दाढांना धारदार कड आली असेल तर तो वैरणीचे अर्धवट चघळलेले बोळे तोंडातून टाकत राहतो. गव्हाणीखाली असे बोळे दिसले तर वैरण कितीही घातली तरी ती अंगी लागत नाही असं समजा.

अंगावर मांस किती आहे हे नुसत्या नजरेने ठरवू नका. हिवाळी केसांखाली बारीक झालेलं जनावर भरलेलंच दिसतं, मेंढीच्या बाबतीत तर हमखास. बोटं केसांत घालून बरगड्यांवर सपाट फिरवा. मूठ आवळल्यावर बोटांचे सांधे लागतात तशा बरगड्या टोचत असतील तर जनावर खालावलेलं आहे. हात सपाट धरल्यावर त्याच्या मागच्या बाजूला लागतं तशा हलक्या जाणवल्या तर ठीक. दर दोन-तीन आठवड्यांनी हे करावं. ऐन थंडीत वजन वाढवणं फार अवघड आणि महागडं काम आहे.

म्हातारी, आजारी, पहिलटकर आणि दुबळी जनावरं आत्ताच वेगळी काढा. कळपात राहिली तर त्यांना गव्हाणीपर्यंत पोचूच दिलं जात नाही. गाढवं असतील तर त्यांना घोड्याच्या मापाने मोजू नका. त्यांचे केस हिवाळ्यात घोड्याइतके दाट होत नाहीत, त्यामुळे त्यांना छप्पर लवकर लागतं.

पाणी

माझ्या मते हिवाळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाण्याकडे, कारण थंडीत तहान लागत नाही असं आपण स्वतःवरून ठरवतो. ५०० किलोचा घोडा दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी पितो. हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असतं, वाळलेल्या वैरणीत जेमतेम १० ते १५. म्हणजे कोरड्या चाऱ्यावर आल्यावर पाणी जास्त प्यायला हवं, आणि नेमकं त्याच वेळी ते बर्फासारखं गार होऊन बसतं. घोडा मग पिणं कमी करतो, लीद कोरडी आणि लहान होत जाते, आतड्यात घट्ट बोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. हिवाळ्यातल्या पोटशुळाचं हे नेहमीचं कारण आहे. लिदीच्या गोळ्या रोज पाहिल्या तर एक-दोन दिवस आधीच इशारा मिळतो. गाई-म्हशींत पाणी घटलं की खाणं घटतं आणि त्यापाठोपाठ दूध.

पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान असेल तर घोडे चांगलं पितात. दिवसभर तेवढी ऊब राखणं जमत नसेल, तर वैरण घालण्याच्या वेळेला कोमट पाणी न्या. घोडा बहुतेक पाणी खाण्याच्या आसपासच पितो. रोज २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ खुराकात मिसळलं तर तहान टिकून राहते. चाटायची वीट गारठली की घोडे ती फारशी चाटत नाहीत.

बर्फ खाऊन भागेल हा समज सोडा. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या साधारण दहा बादल्या वितळल्या की एक बादली पाणी होतं, आणि तो वितळवायला जनावराचीच ऊब खर्ची पडते. सवयीची भाकड गाय किंवा मेंढी काही काळ त्यावर निभावते. दुभती, गाभण जनावरं आणि घोडे यांच्या बाबतीत हा जुगार नको.

टाकीत विजेचा हीटर टाकला असेल तर एक गोष्ट बारकाईने पाहा. जनावर पाण्यापाशी येतं, नाक लावतं आणि झटकन मान मागे घेतं; पुन्हा येतं, पुन्हा मागे. पाण्यात वीज उतरत असल्याची ही खूण असू शकते. तुमच्या पायांत रबरी बूट असल्याने तुम्हाला काहीच जाणवत नाही. हीटर बंद करून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. वायर घोड्याच्या दातांच्या टप्प्यात नको. वीज नसेल तर टाकीला चारी बाजूंनी पेंढ्याचं किंवा थर्माकोलचं अस्तर द्या आणि पिण्यापुरती जागा सोडून वरून झाका. तळं-डबकं गोठलं असेल तर तिथे कुंपण घालाच. बर्फ फुटून जनावर आत गेलं की ते वाचवणं फार कठीण जातं.

वैरण

ऊब देते ती वैरण. तंतुमय चारा गाई-मेंढ्यांच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, किंवा घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो तेव्हा बरीच उष्णता तयार होते. धान्यातून तेवढी होत नाही. गरमागरम कोंडा पाजला की घोडा आतून तापतो हे ऐकायला छान आहे, पण ती ऊब थोडाच वेळ टिकते आणि अचानक बदललेल्या खाण्याने पोट मात्र बिघडू शकतं. थंडीची लाट आली म्हणून एका रात्रीत धान्याचा खुराक दुप्पट करणं हे त्याहून वाईट. गाई-मेंढ्यांत पोटात आम्ल वाढतं, घोड्यात पोटशूळ किंवा खुरांचा दाह होतो.

हिशेब असा करा. घोडा रोज १० किलो वाळलेलं गवत खातो आणि तापमान त्याच्या मर्यादेच्या १० अंश खाली जाणार आहे. गरज २० टक्क्यांनी वाढली, म्हणजे आणखी २ किलो गवत. हा जादा वाटा संध्याकाळी टाका. खाल्ल्यानंतर काही तासांनी आंबण्याची उष्णता भरात येते आणि ती रात्रीच्या गारठ्यात कामी येते. मोकळ्या घोड्यांसाठी जेवढी डोकी त्याहून एक-दोन ढीग जास्त टाका आणि अंतर राखा, म्हणजे दांडगा घोडा सगळ्यांना हुसकावू शकत नाही. बुरशी लागलेली गंजी घोड्यांना देऊच नका.

गाभण गाईंना संध्याकाळी चारा देण्याचा आणखी एक फायदा आहे: दिवसाउजेडी विणाऱ्या गाईंचं प्रमाण वाढतं. मध्यरात्री उणे १५ अंशांत वासरू ओढायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. पोटात दोन-तीन कोकरं असलेल्या मेंढीचं गणित मात्र निराळं. शेवटच्या महिना-दीड महिन्यात गर्भाशयच इतकी जागा व्यापतं की भरपूर गवत पोटात मावत नाही. तिला चांगल्या प्रतीची वैरण आणि हळूहळू वाढवत नेलेला खुराक लागतो, नाहीतर ती स्वतःची चरबी जाळता जाळता आडवी होते.

निवारा

सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले, छतातून थेंब गळत असले, तर गोठा गरजेपेक्षा जास्त बंद आहे. हवा मात्र जनावराच्या नाकाच्या उंचीवरची हुंगा; आपण उभं राहून ठरवतो आणि वासरू खाली बसून अमोनिया घेत असतं. बंद गोठ्यात श्वासातली वाफ कोंडते, अंग दमट होतं आणि फुप्फुसाचे आजार पसरतात. वरच्या बाजूने हवा निघून जायला वाट ठेवा, झोत मात्र अंगावर नको.

बाहेरच्या जनावरांसाठी वाऱ्याची आड पुरते. ती सलग भिंतीसारखी नसावी. भिंतीवरून वारा उसळून मागे भोवरे घेतो आणि बर्फ तिथेच साचवतो. फळ्यांमध्ये २० ते ३० टक्के फट ठेवली तर वारा मंदावतो आणि उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो.

पेंढा सढळ हाताने घाला. तो कोरडा आहे की नाही हे कळायला गुडघे टेकून थोडा वेळ बसा. पँट ओली झाली तर जनावरंही ओल्यातच बसली आहेत. वासरू बसल्यावर त्याचे पाय दिसू नयेत इतका थर हवा. वळूकडेही लक्ष असू द्या. गोठलेल्या उघड्या जमिनीवर बसून अंडकोशाला हिमदंश होतो आणि तो पटकन ध्यानात येत नाही.

दूध काढल्यावर सडांना औषध लावून अर्धा मिनीट थांबा, मग टिपून कोरडे करा आणि त्यानंतरच गाईला वाऱ्यात सोडा. ओले सड फुटतात.

नवजात पिल्लं

वासरू जन्मलं की आधी कोरडं करा, खसाखसा चोळून. मग ४० किलोच्या वासराला पहिल्या दोनेक तासांत ३ ते ४ लिटर चीक पोटात जायला हवा. त्याच्या अंगात चरबीचा साठा फारच थोडा असतो. तोंडात बोट घाला. आतून गार लागलं आणि चोखण्याची ओढ नसेल तर गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३८.५ च्या आसपास ठीक. ३७.८ च्या खाली गेलं तर ऊब द्यायला लागा. ३५ च्या खाली गेलं की पशुवैद्याला फोन करा आणि तोवर गळ्यापर्यंत कोमट, म्हणजे ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात धरून ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण सुकवल्याशिवाय सोडू नका. चोखत नसलेल्या पिल्लाच्या घशात बाटलीने चीक ओतू नका, तो फुप्फुसात जातो. तीन आठवड्यांखालच्या वासरांना थंडीच्या लाटेत दुधाची एक जादा पाळी द्यावी.

झूल, नाल आणि कामाचा घोडा

केस कापलेला, म्हातारा, खंगलेला किंवा उबदार प्रदेशातून नुकताच आणलेला घोडा असेल तर झूल जरूर घाला. बाकीच्यांना बहुधा गरज नसते. पातळ झुलीने फुललेले केस दबतात आणि स्वतःची ऊब ती पुरेशी देत नाही; भिजलेली झूल तर नसलेली बरी. घातलीच तर रोज काढून खांदे आणि मदार, म्हणजे मानेमागचा उंचवटा, तपासा. पाठीवरचा बर्फ वितळत नसेल तर घाबरू नका, आतली ऊब बाहेर जात नाही याचीच ती खूण आहे.

नालेच्या आत बर्फ दाबला जाऊन गोळा बनतो आणि घोडा जणू खडावांवर चालतो. हिवाळ्यात काम नसेल तर नालबंदाकडून नाल काढून घ्या, असेल तर बर्फ न धरणारी गादी बसवून घ्या. खूर रोज साफ करायचे ते आहेच. निसरड्या वाटेवर वाळू टाका. लगामाची लोखंडी कडी तोंडात देण्याआधी हातात धरून गरम करा, नाहीतर ओली जीभ चिकटते. काम झाल्यावर घामेजलेला घोडा तसाच मोकळा सोडू नका.

कोंबड्यांचं थोडक्यात: रुंद, सपाट दांडी द्या, म्हणजे बसल्यावर बोटं पिसांखाली झाकली जातात, खुराडं कोरडं ठेवा, डोक्यावरून हवा जाऊ द्या. तुऱ्याला हिमदंश होतो तो बऱ्याचदा दमटपणामुळे. उष्णतेचा दिवा टांगू नका. पेंढा, धूळ आणि पडणारा दिवा यांनी किती खुराडी जळाली असतील त्याला सुमार नाही.

जनरेटर असेल तर आत्ताच चालवून पाहा आणि तो गोठ्याच्या आत कधीही सुरू करू नका, त्याचा धूर जीव घेतो.

लाट ओसरली की लगेच हात आखडू नका. शून्याच्या आसपासचा पाऊस आणि चिखल यांत जनावरं कोरड्या उणे १० पेक्षा जास्त झिजतात, म्हणून जादा वैरण आठवडाभर चालू ठेवून हळूहळू कमी करा. कानांच्या टोकांवर, शेपटीवर, सडांवर कातडी काळवंडली आहे का ते पाहा. हिमदंश झालेला भाग चोळायचा नसतो. वळूची वीर्यतपासणी मात्र लगेच न करता दोनेक महिन्यांनी, पैदाशीचा हंगाम सुरू व्हायच्या आत करून घ्या.